यंत्रांचे बारसे

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. डॉक्टरीणबाईंनी मूल सुखरूप जगात आणावे, मनगटाला चिठ्ठी बांधावी आणि बाजूला व्हावे. कानात 'कुर्रर्र' करायचे ते आत्यानेच. एवढी साधी गोष्ट लिनक्सवाल्यांना पटायला 2003 साल उजाडावे लागले.

मूळ रीत युनिक्सची. 1971 पासून तिथे प्रत्येक यंत्र म्हणजे एक फाइल. डिस्क फाइल, टर्मिनलही फाइल! आम्हा बँकवाल्यांनी हसू नये. आम्हाला तर जिवंत गिऱ्हाईकसुद्धा फाइलच दिसते. लिनक्सने हीच रीत उचलली. न जाणो उद्या एखादे यंत्र आलेच तर, म्हणून 'डेव्ह' नावाच्या कप्प्यात फाइली आधीच मांडून ठेवायच्या. रेड हॅट 9 मध्ये त्या 18 हजारांवर होत्या आणि जोडलेली यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी! लग्न ठरायच्या आत नातवंडांची नावे शाळेत घालण्यातला प्रकार.

2001 च्या 2.4 आवृत्तीत रिचर्ड गूच यांचे 'डेव्हएफएस' होते. हजर यंत्राचीच फाइल निघू लागली. पण नाव ठरवणार कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. डॉक्टरीणबाईच आत्या झाल्या!

कर्नलची एरवीची नावे म्हणजे टोकनच. आधी दिसली ती डिस्क 'एसडीए', नंतरची 'एसडीबी'. उद्या क्रम उलटला की नावेही उलटली. मग रिकामी समजून पुसली ती डिस्क नेमकी वर्षांच्या हिशेबाची निघायची.

2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' आणले. कर्नलने फक्त वर्दी द्यायची, 'कोणी आले हो!' पुढचे घरमालकाने लिहिलेले नियम बघतील. नियमात बरोबरचे चिन्ह दोनदा आले की चौकशी, एकदा आले की हुकूम. अनुक्रमांक अमुक आहे का? असेल तर 'हिशेब' हे टोपणनाव द्या आणि अमक्या गटालाच हात लावू द्या. नियमांच्या फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी 10, 50, 99 असे आकडे. 99 म्हणजे घरातल्या सासूबाई, शेवटचा शब्द त्यांचा.

2006 मध्ये डेव्हएफएसला कर्नलमधून निरोप मिळाला. 2009 नंतर फाइली मांडायचे काम पुन्हा कर्नलकडे गेले खरे, पण टोपणनाव आणि परवानगी यूडेव्हच्याच हाती राहिली. आत्याचा मान शाबूत!

आमच्या काउंटरवर मात्र अजून 'बेचाळीस नंबर!' असाच पुकारा होतो आणि कोणी पेन्शनर आजोबा काठी सावरत उठतात. टोकन आज बेचाळीस, उद्या सात. सही तीस वर्षे तीच. डिस्कला तिच्या खुणेवरून ओळखायचे नियम लिहिणाऱ्यांनी एखादी फाइल आमच्या काउंटरसाठीही लिहावी. आकडा 99 च द्यावा म्हणजे झाले.