बावखलांच्या काठची वसई

वसईचा इतिहास सांगायला बसले की बोलणे किल्ल्यापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन सालांमध्ये निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, वाघोली, गास ही गावे कुठे बसतात, हे कोणी फारसे विचारत नाही. ख्रिस्ती शेतकऱ्यांची ही गावे पोर्तुगीज सत्तेची मागे उरलेली खूण म्हणून पाहिली जातात. मला ही समजूत अपुरी वाटते. धर्म पोर्तुगिजांबरोबर आला हे खरे, पण गाव उभे राहिले आणि टिकले ते वाडी आणि पाणी यांच्या बळावर.

सत्ता गेली तेव्हा काय झाले ते पाहावे. किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले, पण ख्रिस्ती शेतकरी जागचा हलला नाही. त्याची केळीची बाग, पानवेल आणि भाताची खाचरे इथेच होती. जवळच समुद्र असूनही येथे बागायत होऊ शकली ती बावखलांमुळे. बावखल म्हणजे वाडीत खणलेले मातीचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते, आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर टिकून राहतो. पूर्वी रहाटाने हे पाणी वर काढून पाटाने झाडांना देत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही याच पाण्याची कमाई. पुढे रेल्वे आली, १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल धावू लागली, आणि वाडीतल्या मालाला महानगराची बाजारपेठ जवळ आली.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. धर्मांतरामागे सत्तेचा दबाव होता, देवळे पाडली गेली, मग या इतिहासाला वारसा म्हणून मिरवावे कसे? दबाव होता, हे नाकारण्याचे कारण नाही आणि ते लपवूही नये. परंतु दबावाखाली घडलेली गोष्ट दबाव सरल्यावरही तितकीच घट्ट राहिली, याचा उलगडा केवळ दबावाने होत नाही. शिवाय धर्म बदलला म्हणून माणसाचे बोलणे बदलले नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, घरात जी बोली बोलतात तीच सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही ऐकू येते. निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर आणि चर्च एकाच गावात आहेत. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे वर्षानुवर्षे संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ज्या समाजाला परका म्हणून हिणवले गेले, त्याने मराठीला हे दिले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, पण त्या जमिनी शेवटी शेतकऱ्यांनीच विकल्या ना? काहींनी विकल्या. पण वाडीच्या उत्पन्नात घर चालेना आणि शेजारी इमारत उभी राहून विहीर खारट होऊ लागली, तर एकट्या शेतकऱ्याने किती काळ तग धरायचा? टँकरसाठी विहिरींतून बेसुमार उपसा झाला, त्याने गोड्या पाण्याचा थरच धोक्यात आला. याविरुद्ध दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना एकत्र आणले. त्या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे होते, कारण दोघांच्याही वाडीखालचे पाणी एकच होते.

किल्ल्याच्या तटाला सरकारी संरक्षण आहे. बावखलांच्या वाट्याला मात्र राडारोडा येतो. भराव घालून ती बुजवली जातात, वर घर किंवा रस्ता होतो, आणि वारसा गेला असे कोणाला वाटतही नाही. वसईच्या ग्रामसभांनी, चर्चच्या धर्मग्रामांनी आणि महापालिकेने मिळून गावागावातल्या बावखलांची नोंद करावी, सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्यात ती दाखवावीत, आणि बुजवणाऱ्याला ती पुन्हा खणून देणे भाग पाडावे.