कॅमेऱ्याने काय विसरावं?

घाटकोपर ते अंधेरी हा माझा रोजचा रस्ता. जाता-येता खांबांवरचे कॅमेरे मोजायचा नाद लागलाय. (सॉफ्टवेअरवाल्यांना असले रिकामटेकडे नाद असतातच!) पण हे कॅमेरे आले कुठून, ती गोष्ट मात्र गंभीर आहे.

२६ नोव्हेंबर २००८. सीएसटीवरचे हल्लेखोर कॅमेऱ्यात टिपले गेले आणि ते चित्रण पुढे खटल्यात पुरावा ठरलं. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शहरात सीसीटीव्ही बसवायची शिफारस केली. मग काय, निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या... २०१५ मध्ये एल अँड टीला सुमारे ९४९ कोटींचं काम मिळालं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दीड हजार ठिकाणचे साधारण ४,७०० कॅमेरे सुरू झाले. तब्बल आठ वर्षं!

आता थोडी आकडेमोड. एका कॅमेऱ्याचे सेकंदाला २ मेगाबिट धरा. ४,७०० कॅमेऱ्यांचे दिवसाला होतात जवळपास १०० टेराबाइट. एवढं बघणार कोण? भिंतभर पडदे लावले तरी माणसाला डोळे दोनच.

यावर आजचं उत्तर म्हणजे एज कॉम्प्युटिंग. खांबाजवळच्या पेटीतच छोटा संगणक ठेवायचा. चित्र तिथेच तपासायचं आणि पुढे पाठवायची फक्त एक ओळ: कॅमेरा क्रमांक, वेळ, गाडीचा नंबर. एक ओळ मुलुंडहून, एक बोरिवलीहून. मधल्या सर्व्हरने त्या जुळवायच्या, बस्स. रस्ता खोदताना केबल तुटली तरी पेटीचं काम चालू राहतं. शिवाय तुमचा-माझा चेहरा शहरभर फिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे लक्षात घेतलं तर हा फायदा लहान नाही.

मग अडचण कुठे आहे?

पेटीला आधी सांगावं लागतं की काय शोधायचं. नंबरप्लेट शोध म्हटलं की ती बाकी सगळं फेकून देणार. सीएसटीच्या कॅमेऱ्यांना मात्र कुणी काहीच शोधायला सांगितलं नव्हतं. ते नुसतं साठवत होते, म्हणून पुरावा उरला! उलट सगळंच कायमचं साठवलं, तर प्रत्येक नागरिक संशयित ठरतो.

मला विचाराल तर मधला मार्ग आहे. मूळ चित्रण खांबाजवळच ठराविक दिवस ठेवावं, मागणी लेखी असेल तरच बाहेर काढावं, मुदत संपली की पुसावं. हे प्रोग्रॅममध्ये लिहायला फार ओळी लागत नाहीत. पण ते किती दिवस, आणि मागणी कोण करू शकतो, हे आम्हा इंजिनिअरांनी बंद खोलीत ठरवू नये. तो नियम लोकांना वाचता येईल असा जाहीर हवा.

असो. उद्या सिग्नलला थांबलात तर वर बघा आणि विचारा, हा काय लक्षात ठेवतोय आणि कुणाच्या सांगण्यावरून?