कुयलीची लव

धर्मापुरीला आलेला पाहुणा केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतींवरची चालुक्यकाळातली शिल्पं डोळे भरून पाहतो आणि मग भुईकोट किल्ल्याकडे वळतो. गुराखी मात्र कुठल्याही पडक्या तटाशी, कुंपणाशी पाय टाकण्याआधी झुडपावर काय चढलंय ते बघतो. हुरड्याच्या दिवसांत तर हटकून. तिथं वाळलेली खाजकुयली असली आणि वारा सुटला, तर तिला हात लावायचीही गरज पडत नाही.

युरोपातल्या बागांना छळणारी चावरी वनस्पती वेगळी. तिचं हिरवं पानच डसतं. तिच्या कुळातला आग्या सह्याद्रीच्या ओल्या रानात भेटतो. कुयली निघाली वाल-घेवड्याची नातलग. पानं तीन-तीनच्या जुडीत, म्हणून पावसाळ्यात कुंपणावर उगवली की नवखा माणूस तिला घेवडाच समजतो. पुढे गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि मग इंग्रजी ‘एस’सारख्या वळलेल्या, सोनेरी-तपकिरी मखमलीच्या शेंगा धरतात. मखमल दिसते ती, खाज तीच. वेल उपटायचा तो फुलावर असतानाच. शेंगा वाळल्याच असतील तर आधी पाणी मारून लव बसवायची, मग अंगभर कपडे घालून कापायचं.

लव लागलीच तर चोळायचं नाही. चोळल्यानं ती आणखी रुतते. गावाकडे शेण फासतात. ते वाळून सुटताना लवही ओढून काढत असणार. चिकटपट्टी तेच काम करते, आणि ओरखडलेल्या कातडीला शेणापेक्षा ती बरी.

संस्कृतातली तिची नावं मार्मिक आहेत. कपिकच्छू म्हणजे माकडाला खाज आणणारी. आत्मगुप्ता म्हणजे स्वतःची राखण स्वतः करणारी. चरकसंहितेत वाजीकरणाच्या पाठांमध्ये तिचं बी येतं. आपल्या वैद्यांनी लव टाकून बी घेतलं, तर विलायतेत उलटंच झालं. हिंदी ‘केवाँच’चं इंग्रजीत ‘काउहेज’ झालं आणि लंडनमध्ये विल्यम चेंबरलेन यानं 1784मध्ये पोटातल्या जंतांवर हिची लव कशी गुणकारी, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. लव काकवीसारख्या पाकात कालवून रोग्याला चाटवायची! सुयांसारखी ती जंतांना टोचते, असा समज होता. गिळणाऱ्यांचं धाडस मानायला हवं.

या खाजेचं कोडं 1955च्या सुमारास उकलू लागलं. लवेत ‘म्युक्युनेन’ नावाचं प्रथिन पचवणारं विकर सापडलं. नेहमीच्या पित्तासारखी ही खाज हिस्टामिनची नसते. त्यामुळे अंगावर पित्त उठल्यावर घेतात ती गोळी इथं फारशी लागू पडत नाही.

बियाची गोष्ट याहून मोठी. दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी 1937मध्ये त्यातून एल-डोपा वेगळं काढलं. साठच्या दशकात तेच द्रव्य कंपवातावरचं, म्हणजे पार्किन्सनवरचं, मुख्य औषध ठरलं. काष्ठौषधींच्या दुकानात कवचबीज आजही मिळतं; वैद्य ते दुधात उकडून, साल काढूनच वापरतात. दुकानातल्या त्या गुळगुळीत बियांकडे बघून कुंपणावरच्या शेंगेची आठवणही होत नाही.