दादीच्या ताइतातला टंका

आमच्या दादीच्या ताइतात चांदीचे एक नाणे ओवलेले होते. त्यावर कलमा आहे, असे ती सांगे. म्हणून आम्ही भावंडे ते डोळ्यांना लावत असू. मकतबात अलिफ-बे शिकलो, कुरआन वाचू लागलो, पण ते नाणे कधी वाचून पाहिले नाही. दादी गेल्यावर सोनाराने ते आटवण्याची भाषा केली, तेव्हा कुठे आम्ही ते नीट हातात घेतले.

वजन ११ ग्रॅमला थोडे कमी, म्हणजे टंक्याच्या मापाचे. दर ईदला चिंच-राखेने घासल्यामुळे अक्षरे पुसट झालेली. एका बाजूला ‘मुहम्मद शाह’ एवढेच लागले. या नावाचे सुलतान अनेक. दुसऱ्या बाजूला मात्र ‘सिकंदर अस्सानी’, म्हणजे दुसरा सिकंदर, आणि त्याखाली ‘यमीनुल खिलाफत’ असे वाचता आले. हे नाव आणि ही बिरुदे एकत्र येतात ती अलाउद्दीन खिलजीच्या टंक्यावर. ‘खिलजी’ हा शब्द त्यावर नसतोच.

त्याच्या आधीच्या सुलतानांनी खलिफा मुस्तअसिमचे नाव नाण्यावर चालू ठेवले होते. खलिफा १२५८ साली बगदादेत मारला गेला, तरी जलालुद्दीन खिलजीपर्यंत, म्हणजे १२९६ पर्यंत, त्याचे नाव छापले जात होते. अलाउद्दीनने ते काढले. म्हणून केवळ खलिफाच्या नावावरून नाण्याचा काळ ठरवू नये.

साल कडेला अरबी शब्दांत असते. आधी एकक, शेवटी शतक. शतक सातशे. एककापाशी आम्ही अडलो. ‘सबअ’ म्हणजे सात, ‘तिसअ’ म्हणजे नऊ. नुक्ते नसले की दोन्ही सारखेच दिसतात. फरक एका दात्याच्या जागेचा, आणि नेमका तोच झिजलेला. हिजरी ७०७ म्हणजे १३०७-०८, मलिक काफूरच्या देवगिरीवरील स्वारीचा काळ. ७०९ म्हणजे १३०९-१०, तो वारंगळवर गेला तो. आम्ही चिठ्ठीवर दोन्ही साले लिहिली.

कलमा नाही, हे फुफीला भीतभीतच सांगितले. ती म्हणाली, “अम्माला वाचता येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना?”

नाणे आटवले नाही. आता ते कोणी घासतही नाही.