संगणकाची पदवी : दाराची किल्ली आणि घरातलं काम

मंडळी, कड्याला रेल्वे आली ती २०२२ साली. इथली पोरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नगरमार्गे पुण्याला जाताहेत, त्यातली बरीच आता कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. त्यांचे वडील मला विचारतात, "सर, ही कॉम्प्युटरची डिग्री नोकरीत खरंच कामाला येते का? रान गहाण ठेवावं का?" प्रश्न साधा नाही. त्याचं उत्तर मी जरा इतिहासातून देतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली सुरू झाला. तो उभारणाऱ्या चमूचे प्रमुख आर. नरसिंहन, त्यांची डॉक्टरेट गणितातली. १९६८ साली टीसीएस निघाली. तिला आकार देणारे फकीरचंद कोहली विद्युत अभियंते. १९९१ चा 'परम ८०००' घडवणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातले, १९६५ साली नागपूरला अभियंता झाले. तेव्हा आपल्याकडे संगणकशास्त्राची बी.ई. नव्हतीच. म्हणजे पदवी नव्हती, पण गणिताचा पाया पक्का होता. हे विसरू नका.

पुढे वायटूके आलं. जागा वाचवायला जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहीत. २००० साल उजाडलं की '००' म्हणजे १९०० असं यंत्र समजणार! ते सगळे प्रोग्रॅम तपासायला माणसं हवी होती. कंपन्यांनी सिव्हिल, मेकॅनिकल, मिळेल त्या शाखेचे इंजिनिअर घेतले, काही महिने कोबॉल शिकवलं आणि कामाला लावलं. काम झालंही. पण रीत पडली ती अशी, की शाखा कोणतीही चालेल, पदवी मात्र हवी. पदवी ज्ञानापेक्षा दाराची किल्ली झाली.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं १९४९ च्या ग्रंथात एक भेद सांगितला : एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. पोहण्यावर व्याख्यान ऐकून विहिरीत उडी मारता येत नाही. रोजच्या नोकरीत दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा, चूक हुडकायची, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते समजून घ्यायचं. हे बहुतेक कामावरच शिकायला मिळतं.

मग शास्त्र वाया गेलं का? नाही. दहा लाख खातेदारांची नावं अकारविल्हे लावलीत. एकेक बघत गेलात तर दहा लाख वेळाही बघावं लागू शकतं. दर वेळी यादी निम्मी करत गेलात तर वीस वेळांत नाव सापडतं. हे 'का' ज्याला कळतं, तो काम वाढलं तरी अडत नाही.

म्हणून मी त्या बापाला सांगतो, पदवी घ्या, पण झेपेल त्या फीची. बी.सी.एस. असली तरी चालेल. रान गहाण ठेवू नका. आणि सुट्टीला पोरगा आला की दोनच गोष्टी विचारा : तू स्वतः काय बनवलंस ते दाखव, आणि ते का चालतं ते मला समजेल असं सांग. पहिलं जमलं नाही तर नोकरी मिळणं अवघड. दुसरं जमलं नाही तर ती टिकणं अवघड.