चर्च दूर, सण घरात: कॅथलिक कुटुंबांचे वर्षभराचे सणवार

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. संमेलनाच्या इतिहासात हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. संमेलन मात्र ठरल्याप्रमाणे पार पडले. वसईजवळच्या नंदाखाल येथे जन्मलेल्या आणि 'सुबोध बायबल' मराठीत आणणाऱ्या या लेखकाविषयी त्या काळात भरपूर लिहिले गेले. तो ज्या प्रकारच्या घरातून आला, त्या घरात वर्ष कसे सरते, कोणता सण कधी येतो आणि त्या दिवशी चुलीवर काय शिजते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

संमेलनानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, १२ एप्रिल २०२० रोजी, ईस्टर आला. देशात टाळेबंदी होती. चर्चची दारे बंद होती. रोममध्येही संत पीटरचा चौक रिकामा होता. ईस्टरची तारीख पुढे ढकलता येणार नाही, असे व्हॅटिकनने आधीच स्पष्ट केले होते. तेव्हा ख्रिस्ती वर्षातला हा सर्वांत मोठा सण जगभरातील कॅथलिक कुटुंबांनी घरच्या वेदीपुढे, दूरचित्रवाणीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहत साजरा केला. मोठ्या शहरांतील अनेक कुटुंबांना हा अनुभव नवा होता. ज्या घरांच्या आसपास चर्चच नाही, त्यांच्यासाठी घरातला सण ही नेहमीचीच गोष्ट.

धाराशिव (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) हा अशा जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्याची ओळख तुळजापूरची भवानी आणि तेरचे संत गोरोबाकाका यांच्यामुळे. ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प, आणि त्यातही प्रॉटेस्टंट व कॅथलिक असे दोन्ही पंथ. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या मराठवाड्यात कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना व्हायला १९७७ साल उजाडले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे त्याचे केंद्र. त्यापूर्वी हा भाग अमरावती धर्मप्रांतात मोडत असे. वसईत गावागणिक चर्च आणि पहाटे घंटानाद. इथे मिस्सेसाठी एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते. अशा ठिकाणी सण टिकतो तो घरातल्या मोठ्या माणसांच्या आठवणीवर, आणि बहुतेक वेळा ती आठवण आई-आजीची असते.

चंद्रावर चालणारे पंचांग

नाताळ २५ डिसेंबरला, मारियेचे स्वर्गोन्नयन १५ ऑगस्टला, मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला, सर्व मृतांचे स्मरण २ नोव्हेंबरला, अशा काही तारखा ठरलेल्या. ईस्टरचे तसे नाही. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या, पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. तिथी पाहून सण ठरवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. ही पौर्णिमा बहुधा चैत्राची असते. २०२० मध्ये हनुमान जयंती ८ एप्रिलला होती आणि ईस्टर १२ एप्रिलला. २०२३ मध्ये अनुक्रमे ६ आणि ९ एप्रिलला. फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चनंतर आली, तर ईस्टर होळीच्या पाठोपाठ येतो. २०२४ मध्ये २५ मार्चला धुळवड आणि ३१ मार्चला ईस्टर असे झाले.

ईस्टरवरून मागे मोजत गेले की ४६ व्या दिवशी राखेचा बुधवार येतो. मधले रविवार वगळले की उपवासाचे चाळीस दिवस उरतात. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ वर्षांवरील व साठीच्या आतील व्यक्तींनी एकदाच पूर्ण जेवण घ्यावे आणि १४ वर्षांवरील सर्वांनी मांस वर्ज्य करावे, असा नियम आहे. घराघरांतील रीत याहून कडक असते. चाळीसही दिवस मांस न शिजवणारी, लग्नकार्य न काढणारी कुटुंबे आहेत. आजोबा विडी सोडतात, मुले गोड सोडतात, आणि वाचलेले पैसे डब्यात साठवून गरजूंना दिले जातात. शुक्रवारी संध्याकाळी 'क्रुसाची वाट' म्हटली जाते. चर्च जवळ असले तर भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढून फिरत, नसले तर घरातल्या एकाच क्रुसापुढे बसून.

अडचण निराळीच आहे. हाच काळ दहावी-बारावीच्या परीक्षांचा. गुड फ्रायडेची सार्वजनिक सुटी मिळते, पण राखेचा बुधवार आणि पवित्र गुरुवार कामाचे दिवस असतात. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कार्यालयात गेल्यावर 'काय लागले?' असा प्रश्न अनेकांना दरवर्षी ऐकावा लागतो.

गुरुवारची भाकरी

पवित्र आठवड्यातील सर्वांत घरगुती विधी महाराष्ट्रात आणला तो केरळी कुटुंबांनी. परिचारिका, शिक्षक म्हणून किंवा अन्य नोकरीनिमित्त राज्यभर विखुरलेल्या सिरो-मलबार पंथीय कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांच्या घरी पवित्र गुरुवारी रात्री 'पेसहा अप्पम' होतो. येशूने शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनाचे हे स्मरण. तांदूळ आणि उडीद वाटून, न आंबवता, वाफेवर ही भाकरी शिजवतात. वर झावळीचा छोटा क्रूस ठेवतात. सोबत नारळाचे दूध आणि गूळ यांचे पेय असते. प्रार्थनेनंतर कुटुंबप्रमुख भाकरी मोडतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हाती देतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे ही भाकरी करत नाहीत. शेजारी किंवा नातेवाईक आणून देतात. या विधीला धर्मगुरू लागत नाही, की चर्चची इमारतही लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातले चर्च' म्हटले. त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर या गुरुवारी एखाद्या केरळी घरात बसावे.

त्याआधीचा रविवार झावळ्यांचा. आशीर्वादित झावळी घरी आणून क्रुसामागे खोचतात. वर्षभर ती तिथेच वाळते. पुढच्या उपवासकाळापूर्वी चर्चमध्ये परत दिली जाते आणि तिचीच राख बुधवारी कपाळावर येते.

फराळ, गोठा आणि आकाशकंदील

नाताळाची तयारी आगमनकाळापासून, म्हणजे २५ डिसेंबरपूर्वीच्या चार रविवारांपासून सुरू होते. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत इतका मुरला की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. गोठ्याची आरास करण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी मांडलेल्या देखाव्यापासून रूढ झाली असे मानले जाते. महाराष्ट्रातील घरांत या गोठ्याला मराठी रूप येते. गवताच्या जागी कडबा, डोंगरासाठी चुरगाळलेला कागद किंवा माती, मेंढपाळाच्या डोक्याला मुंडासे. गोव्यात आणि किनारपट्टीवर बरीच कुटुंबे आधी काही दिवस वाटीत नाचणी पेरतात आणि उगवलेले हिरवे अंकुर गोठ्याभोवती ठेवतात. तुळजापूरच्या परिसरात नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना यात वेगळे काय ते सांगावे लागणार नाही.

फराळातही तसेच. करंजी गोव्यात 'नेवरी' होते. शंकरपाळ्याच्या पिठाशी नाते सांगणारे कुलकुल काट्याच्या किंवा फणीच्या दातांवर वळले जातात. हे काम लहान मुलांचे, आणि तळण्याआधीच निम्मे पीठ तोंडात जाते. दोदोलासाठी तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास ढवळावा लागतो. त्याला घरातले सगळे हात लागतात. वसईत इंद्याळाचा वास नाताळ जवळ आल्याची खूण. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यातच कुटून ठेवलेला बाटली मसाला बाहेर निघतो आणि फुगे तळले जातात. गोव्यातील 'कोन्सुआद' म्हणजे फराळाचे ताट शेजारी धाडण्याची रीत. ते रिकामे परत येत नाही, हेही दिवाळीसारखेच.

नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्याकडे, बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवण्याचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याला देतात. तोपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवायची असते. गोठा लवकर मांडून मूर्तीही त्यात ठेवून मोकळे होण्याकडे अलीकडे कल दिसतो. जुन्या माणसांना ते रुचत नाही, आणि त्यांचे चूक आहे असे म्हणवत नाही.

नवे कणीस, जुनी माणसे

८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. नऊ दिवस आधीपासून नोव्हेना चालते. कोकण-गोव्याकडे नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचे सण याच मोसमात येतात. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा या तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरते. मराठवाड्याच्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्राही याच सुमारास असते आणि तिला दूरदूरची कुटुंबे डबे बांधून येतात. एरवी विखुरलेल्या नातेवाइकांची भेट इथेच होते. सोयरीक जुळण्याचेही हे ठिकाण.

२ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. ज्यांच्या माणसांची कबर दूरच्या गावी आहे, ते घरीच तसबिरीपुढे मेणबत्ती लावून नावे घेतात. पितृपक्ष पाळणाऱ्या शेजाऱ्याला हा दिवस समजावून सांगावा लागत नाही.

या मोठ्या सणांना जोडून ठेवते ती रोजची रोझरी. मण्यांच्या माळेवर पाच दशके, मिळून पन्नास 'नमो मारिया', आणि सोबत येशू-मारियेच्या जीवनातील प्रसंगांचे चिंतन. या प्रसंगांचे संच पूर्वी तीन होते, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये चौथा जोडला. वीस-पंचवीस मिनिटांचे हे काम. मे आणि ऑक्टोबर हे मारियेला वाहिलेले महिने. तेव्हा पाहुणा आला तरी रोझरी संपेपर्यंत त्याला चहा मिळत नाही.

प्रार्थना कोणत्या भाषेत

धर्म घरात टिकण्याचा महाराष्ट्रातील जुना दाखला वसईचा आहे. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, कुटुंबे राहिली. त्यांच्या नातेसंबंधांतही सणाची खूण उरली आहे. 'कुपारी' हे समाजनाम मुलाचा बाप आणि धर्मपिता यांच्यातील नात्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे मानले जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी जोडलेला हा धर्मपिता पुढे प्रत्येक मोठ्या सणाला घरचा माणूस असतो.

चर्चमधील मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिन भाषेत होत असे. घरातली प्रार्थना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकभाषेत होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. ज्यांना लॅटिन कळत नव्हते, त्यांच्या कानांवर येशूची कथा मराठी ओवीतून पडावी, हा त्यामागचा हेतू.

आज प्रश्न उलट्या दिशेने उभा आहे. चर्चमध्ये मराठी मिस्सा आहे, पण इंग्रजी शाळांत शिकणारी मुले घरी रोझरी इंग्रजीत म्हणतात आणि आजी मराठीत. काही घरांनी तोडगा काढला आहे: पहिली दोन दशके मराठीत, उरलेली इंग्रजीत. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे-मुंबईला गेलेल्या तरुणांना तिथे चर्च हाकेच्या अंतरावर मिळते, पण भाड्याच्या खोलीत वेदी नसते आणि सणाला एकत्र बसायला माणसे नसतात. २०२० मध्ये सुरू झालेली पडद्यावरची मिस्सा टाळेबंदी उठल्यावर बरीच कमी झाली. मोबाइलवर गटाने म्हटली जाणारी रोझरी मात्र अनेक कुटुंबांत चालू राहिली. रात्री साडेआठला फोन लागतो, पहिले दशक गावाकडची आजी सुरू करते आणि शेवटचे, बहुतेकदा, नातवाकडे येते.