दिवाणखान्यात संपलेले युद्ध

'यादवी' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. श्रीकृष्णाच्या कुळातले यादव प्रभासक्षेत्री एकमेकांवर तुटून पडले आणि सारे कुळ संपले, ही कथा कीर्तनांतून आणि पोथ्यांतून घरोघरी पोहोचलेली आहे. आमच्या घरात याच अर्थाचा दुसरा शब्द होता. आजोबा उर्दू वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि त्यात अधूनमधून 'खानाजंगी' असा शब्द यायचा. मला वाटायचे, जेवणावरून झालेले भांडण असेल. पुढे कळले की हा खाना जेवणातला नव्हे. दवाखाना, कारखाना, दिवाणखाना यांतला. खाना म्हणजे घर. खानाजंगी म्हणजे घरातली लढाई.

बी.ए.ला इतिहासाच्या पेपरात 'अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे व परिणाम लिहा' हा प्रश्न ठरलेला असे. मी पाच कारणे आणि चार परिणाम पाठ केले होते. दहापैकी सहा गुण मिळाले. त्या उत्तरात एकही माणूस नव्हता, हे फार उशिरा लक्षात आले. म्हणून आज थोडे त्या माणसांविषयी बोलणार आहे.

सुरुवात एका घरापासून करतो. व्हर्जिनिया राज्यात मॅनॅसस नावाच्या ठिकाणी, बुल रन ओढ्याजवळ, विल्मर मॅक्लीन नावाचा एक व्यापारी राहत होता. जुलै १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्याचे सेनापती बोरगार्ड यांनी त्याच्या घरात मुक्काम ठोकला. उत्तरेकडच्या तोफेचा एक गोळा नेमका त्या घराच्या चुलीत येऊन पडला आणि सेनापतींचे जेवण मातीत गेले. तीन दिवसांनी, २१ जुलैला, तिथे या युद्धातली पहिली मोठी लढाई झाली. वॉशिंग्टनहून काही प्रतिष्ठित मंडळी घोडागाड्यांत खाण्याच्या टोपल्या घेऊन ही लढाई पाहायला आली होती. संध्याकाळी पळणारे सैनिक आणि पळणारे प्रेक्षक एकाच रस्त्यावर एकमेकांत अडकले. पुढे मॅक्लीनने ते ठिकाण सोडले आणि दक्षिणेला सुमारे १२० मैलांवर, ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाच्या आडगावात बिऱ्हाड हलवले. या घराकडे आपण शेवटी परत येऊ.

युद्ध कशावरून पेटले? १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेची लोकसंख्या ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांतले जवळजवळ ४० लाख लोक गुलाम होते. दक्षिणेची कापसाची शेती त्यांच्या घामावर उभी होती. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चिघळत होता. अर्धे गुलाम आणि अर्धे स्वतंत्र असे दुभंगलेले घर टिकणार नाही, असे अब्राहम लिंकन १८५८ मध्येच म्हणाले होते. १८६० मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दक्षिणेतली राज्ये एकेक करून फुटू लागली. अखेर ती ११ झाली. १२ एप्रिल १८६१ ला सम्टर किल्ल्यावर तोफा धडाडल्या. लिंकनने ७५ हजार स्वयंसेवक मागवले, तेही फक्त ९० दिवसांसाठी. युद्ध चालले चार वर्षे.

घरातली लढाई म्हणजे काय, ते लिंकनच्याच घरात दिसते. त्यांची पत्नी मेरी केंटकीची. तिचे अनेक भाऊ दक्षिणेच्या बाजूने लढले. तिच्या सावत्र बहिणीचे यजमान बेंजामिन हेल्म दक्षिणेचे सेनानी होते आणि सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत पडले. ती विधवा बहीण डिसेंबरात व्हाइट हाउसमध्ये राहायला आली. शत्रूच्या सेनानीची विधवा राष्ट्राध्यक्षांच्या घरी कशी, म्हणून टीकाही झाली. पण बहिणीने बहिणीच्या गळ्यात पडून रडायचे नाही, असा कायदा कोण करणार? केंटकीच्याच क्रिटेंडन नावाच्या ज्येष्ठ नेत्याने युद्ध टाळण्यासाठी तडजोडीचा मसुदा मांडला होता. तो फेटाळला गेला. त्याचा एक मुलगा उत्तरेचा सेनानी झाला, दुसरा दक्षिणेचा.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान माणसाला सभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो: सगळ्यांची भाषा एक झाली, आचार एक झाला, तर भांडणे मिटतील ना? मला अशा वेळी अमेरिका आठवते. तिथे दोन्ही बाजूंची भाषा एक होती. मार्च १८६५ च्या भाषणात लिंकनने स्वतःच दाखवून दिले की दोन्ही पक्ष एकच धर्मग्रंथ वाचतात आणि एकाच देवाला साकडे घालतात. तरी माणसे मेली. किती मेली? जुनी मोजणी सांगते, ६ लाख २० हजार सैनिक. २०११ मध्ये जनगणनेच्या नोंदी नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा अंदाज साडेसात लाखांपर्यंत गेला. २०२४ च्या अभ्यासाने तो सुमारे ७ लाखांवर आणला. त्यांतले बहुसंख्य गोळीने मेले नाहीत. जुलाब, विषमज्वर, गोवर अशा आजारांनी छावण्यांत मेले.

या सैनिकांची पत्रे आजही हजारोंनी जपलेली आहेत. लहानपणी मी मोहल्ल्यातल्या बायकांना पत्रे वाचून दाखवायचो. कोणाचा नवरा भिवंडीच्या मागावर, तर शेजारच्या एका मावशींचा मुलगा लष्करात. त्याच्या प्रत्येक पत्रात 'मी इकडे खुशाल आहे' असे असायचे. मावशी ते वाक्य दोनदा वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, "खुशाल असता तर एवढं लहान पत्र लिहिलं असतं का रे?" वॉल्ट व्हिटमनविषयी वाचताना मला त्या मावशी आठवल्या. हा मोठा कवी डिसेंबर १८६२ मध्ये जखमी भावाला शोधत आघाडीवर गेला. भाऊ बरा होता. पण रुग्णालयाबाहेर कापून टाकलेल्या हातापायांचा ढीग पाहून कवी हलला तो कायमचा. पुढे वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयांत तो जखमींच्या उशाशी बसू लागला, फळे वाटू लागला आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची घरची पत्रे लिहून देऊ लागला. दक्षिणेचे जखमी कैदीही त्यात असत.

सैनिकांइतकेच घरी राहिलेल्यांनीही सोसले. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग या सुमारे २,४०० वस्तीच्या गावाभोवती तीन दिवस लढाई झाली. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्हीकडची ५० हजारांवर माणसे गेली. प्रत्यक्ष लढाईत गावातली एकच व्यक्ती मेली: जेनी वेड, वय २० वर्षे. बहीण बाळंतीण होती, म्हणून ती तिच्या घरी गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कणीक मळत असताना दारातून आरपार आलेली गोळी तिला लागली. सैन्य निघून गेले. हजारो जखमी आणि प्रेते मात्र त्या लहान गावाच्या गळ्यात राहिली. चर्च, शाळा, गोठे, सगळ्यांची रुग्णालये झाली.

तिकडे मिसिसिपी नदीवरच्या व्हिक्सबर्ग शहराला ४७ दिवस वेढा पडला होता. लोक टेकड्यांत गुहा खोदून राहिले, खेचरांचे मांस खाल्ले. तिथले वर्तमानपत्र कागद संपल्यावर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापले गेले. दक्षिणेची राजधानी रिचमंड इथे २ एप्रिल १८६३ ला महागाईने पिचलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी दुकाने फोडली. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी, पांगा नाहीतर सैनिक गोळ्या झाडतील, असे बजावले तेव्हा जमाव हटला. शहरातल्या पत्रांना ही बातमी छापू नका, असे सरकारकडून सांगण्यात आले. भुकेल्या बायकांची बातमी शत्रूच्या तोफेपेक्षा घातक वाटली.

आता राजकारणाकडे वळू. सक्तीची लष्करभरती दक्षिणेने १८६२ मध्ये आणि उत्तरेने १८६३ मध्ये सुरू केली. उत्तरेत ३०० डॉलर भरले की सुटका होई. ही रक्कम मजुराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईइतकी होती. दक्षिणेत ज्या मळ्यावर २० गुलाम असतील, तिथल्या एका गोऱ्या माणसाला सूट मिळे. युद्ध श्रीमंतांचे आणि मरण गरिबांचे, असे दोन्हीकडचे लोक बोलू लागले. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या भरतीविरुद्ध दंगल उसळली. राग होता सरकारवर आणि ३०० डॉलरवाल्यांवर. निघाला तो कृष्णवर्णीयांवर. त्यांच्या अनाथ मुलांचे आश्रमगृह जाळले गेले, माणसांना दिव्यांच्या खांबांना लटकवले गेले. शंभरावर माणसे मेली. वरच्यावरचा राग खालच्यावर काढायचा, ही दंगलीची रीत सगळ्या देशांत सारखीच दिसते.

१ जानेवारी १८६३ ला लिंकनने बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि कृष्णवर्णीयांना सैन्याचे दार उघडले. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या थोर वक्त्याची दोन मुले याच पलटणीत दाखल झाली होती. १८ जुलै १८६३ ला, न्यूयॉर्कची दंगल जेमतेम शमली असताना, ही पलटण वॅग्नर किल्ल्यावर चालून गेली आणि तिचे शेकडो शिपाई पडले. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

त्याच वर्षी युद्ध चालू असताना निवडणूकही झाली. लिंकनच्या विरुद्ध उभे होते त्यांचेच जुने सरसेनापती मॅक्लेलन. त्यांच्या पक्षाला लवकर तडजोड हवी होती. सैनिक घरी परतायला आतुर होते, तरी छावण्यांत मतदान झाले तेव्हा चारांतल्या तिघांहून अधिक शिपायांनी लिंकनला मत दिले, म्हणजे स्वतःचे मरण लांबवण्याचा धोका पत्करला.

या युद्धाची झळ आणि चंगळ आपल्या मुंबईलाही लागली. अमेरिकेचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कंपन्यांचे पीक आले, बॅक बे भरावाच्या शेअरांवर लोक तुटून पडले. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे बाजार कोसळला. प्रेमचंद रायचंदसारखे कापसाचे राजेही त्यात बुडाले. तिकडच्या मरणावर आपल्याकडे घरे उभी राहिली आणि तिकडच्या शांततेने ती पडली. पण आपल्याकडच्या एका माणसाने या युद्धाकडे बाजारभावापलीकडे पाहिले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी त्या लढाईचा नेमका अर्थ ओळखला होता.

आता मॅक्लीनच्या घराकडे परत येऊ. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. भेटीसाठी जागा हवी होती, आणि ठरला तो याच मॅक्लीनचा दिवाणखाना. उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या अटी उदार होत्या. शरण आलेल्यांनी घरी जावे, पेरणीचे दिवस आहेत म्हणून आपले घोडे न्यावेत. उपाशी शत्रूला शिधाही दिला गेला. नंतर उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून त्या खोलीतली टेबले, खुर्च्या उचलून नेल्या. मॅक्लीनच्या लहान मुलीची बाहुलीसुद्धा. युद्ध ज्याच्या चुलीत पडले, त्याच्याच दिवाणखान्यात संपले, ही गोष्ट अमेरिकेत फार आवडीने सांगतात. मीही ती अनेकदा सांगितली आहे.

पुढे वाचनात आले की त्या घराच्या मागे गुलामांच्या खोल्या होत्या. म्हणजे ज्यांच्यावरून चार वर्षे रक्त सांडले, ती माणसे त्या दिवशी दिवाणखान्यापासून काही पावलांवर होती. माझ्या आवडीच्या गोष्टीत ती कधी आलीच नव्हती.

पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेने संपली, मग नागरिकत्व आले, १८७० मध्ये मताचा हक्क आला. पण १८७७ मध्ये उत्तरेचे राजकारणी थकले, दक्षिणेतून फौजा हटल्या, आणि ते हक्क एकेक करून हिरावले गेले. १९१३ मध्ये गेटिसबर्गला ५० वर्षे झाली म्हणून दोन्हीकडचे ५० हजारांवर म्हातारे सैनिक जमले, कुंपणावरून हात मिळवून रडले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात झाली. भावाभावांचा समेट झाला. त्याची किंमत तिसऱ्यानेच भरली. मताचा हक्क दक्षिणेत खरोखर हातात यायला १९६५ उजाडले. रिचमंडमधला जनरल ली यांचा भव्य पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला, तेव्हाही रस्त्यात दोन बाजू होत्याच.

ग्रँटचा उदारपणा मला आजही मोठा वाटतो. हरलेल्याला घोडा द्यावा, भाकरी द्यावी, हे शहाणपणच आहे. पण घरातली लढाई मिटवताना दिवाणखान्यात बसलेल्यांनी एकदा उठून परसदारीही जायला हवे. तिथे कोण राहते, त्याचे काय ठरले, हे विचारायला हवे. परीक्षेत मी परिणाम चार लिहिले होते. पाचवा हा, तो तेव्हा मला माहीत नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)